मानेच्या मणक्याची झीज आणि चक्कर: दोष खरंच मानेचा असतो का?

"डॉक्टर, मला मणक्याची चक्कर आहे." ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या कोणत्याही दवाखान्यात हे वाक्य वारंवार ऐकू येते. रुग्णाच्या पिशवीत मानेचा एक्स-रे असतो, मानेचा पट्टा असतो आणि चक्करेच्या गोळ्यांची दोन-तीन अर्धी पाकिटे असतात. एक्स-रेमध्ये मणक्याची झीज दिसते आणि चक्करही खरोखर येत असते. पण या दोन गोष्टी एकाच माणसात आहेत, म्हणून एकीमुळे दुसरी होते असे लगेच म्हणता येत नाही.

मानेमुळे चक्कर येऊ शकते, मात्र त्याचे प्रमाण आपण समजतो त्यापेक्षा बरेच कमी आहे. मानेवर खापर फोडल्यामुळे पुष्कळदा कानातला, काही मिनिटांत बरा होणारा आजार महिनोन्महिने अंगावर काढला जातो, आणि क्वचित मेंदूचा गंभीर आजार नजरेतून सुटतो. म्हणून हा फरक रुग्णानेही समजून घ्यायला हवा.

चक्कर म्हणजे नेमके काय होते?

चक्कर हा आजार नाही, ते एक लक्षण आहे. मराठीत आपण एकाच शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतो:

१. गरगरणे: आपण किंवा आजूबाजूच्या भिंती, पंखा, पलंग फिरतो आहे असे वाटणे. हे बहुधा आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी, कधीकधी मेंदूशी संबंधित असते.
२. भोवळ किंवा अंधारी: उठल्यावर डोळ्यांपुढे काळोख येणे, आता पडतो की काय असे वाटणे. याचा संबंध रक्तदाब, हृदय, रक्तातील साखर किंवा पंडुरोगाशी असतो.
३. तोल जाणे: डोके ठीक असते, पण चालताना पाय नीट पडत नाहीत. यात नसा, मज्जारज्जू, लहान मेंदू किंवा गुडघे यांचा दोष असू शकतो.
४. डोके हलके वाटणे, तरंगल्यासारखे वाटणे: याची कारणे अनेक आहेत. काळजी, अपुरी झोप, मायग्रेन, औषधे आणि मानेचा त्रासही.

डॉक्टरांना "चक्कर येते" एवढेच सांगण्याऐवजी या चारपैकी काय होते, किती वेळ टिकते आणि काय केल्यावर सुरू होते, हे सांगितले तर निम्मे निदान तिथेच होते.

मणक्याची झीज म्हणजे काय?

मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, ती गादीसारखे काम करते. वयानुसार चकतीतले पाणी कमी होते, ती चपटी होते, मणक्यांच्या कडांना हाडाची टोके फुटतात आणि सांधे कडक होतात. यालाच सर्व्हायकल स्पाँडिलोसिस म्हणतात. केस पिकावेत तसाच हा वयाचा बदल आहे.

तो किती सर्रास आढळतो? जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ स्वयंसेवकांच्या मानेचा एमआरआय काढण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. विशीतल्या तरुणांमध्येही बहुतेकांना हा बदल होता. म्हणजे चक्कर येणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या मानेचा एक्स-रे काढला, तर त्यात झीज दिसणारच. त्यावरून चक्करेचे कारण सापडले असे होत नाही.

मानेमुळे चक्कर कशी येऊ शकते?

मेंदूला तोल सांभाळण्यासाठी तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळे, आतला कान आणि शरीरातील स्नायू-सांधे. मानेच्या वरच्या तीन मणक्यांचे सांधे आणि त्यांच्याजवळचे छोटे खोल स्नायू यांत संवेदक भरपूर असतात. डोके धडाच्या तुलनेत कुठे वळले आहे, हे ते मेंदूला सांगतात. मान आखडली, दुखावली किंवा तिला हिसका बसला की ही खबर चुकीची जाते. कान म्हणतो एक, मान म्हणते दुसरे, आणि माणसाला अस्थिर वाटू लागते. १९५५ मध्ये रायन आणि कोप या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिले, तेव्हापासून 'सर्व्हायकल व्हर्टिगो' हा शब्द रूढ झाला.

या चक्करेची काही वैशिष्ट्ये आहेत:

- मान दुखते किंवा आखडलेली असते. मान अजिबात दुखत नसेल, तर मानेची चक्कर असण्याची शक्यता फारच कमी.
- भिंती गरगर फिरत नाहीत. डोके जड, हलके किंवा अधांतरी वाटते.
- मानेचे दुखणे वाढले की चक्कर वाढते, दुखणे उतरले की चक्करही कमी होते.
- कमी ऐकू येणे किंवा कानात आवाज येणे ही लक्षणे या चक्करेची नव्हेत.

दुसरे कारण रक्तवाहिनीचे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. "मणका वाढल्यामुळे नस दाबली जाते आणि मेंदूला रक्त कमी पडते" हे आपण नेहमी ऐकतो. प्रत्यक्षात असे होणे अतिशय दुर्मीळ आहे. एक धमनी थोडी दबली, तरी दुसरी पुरेसे रक्त पोचवते. मान एका विशिष्ट बाजूला पूर्ण वळवल्यावर दरवेळी अंधारी येते, बेशुद्धी येते किंवा दुहेरी दिसते, अशाच रुग्णांत हा विचार करून खास तपासण्या कराव्या लागतात.

तिसरे कारण मात्र महत्त्वाचे आहे आणि ते दुर्लक्षित राहते. झिजलेल्या मणक्यामुळे मज्जारज्जूवर दाब आला तर चालताना तोल जातो, आणि रुग्ण त्यालाच चक्कर म्हणतो. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, अक्षर बिघडणे, पायातली चप्पल नकळत निसटणे, पाय ताठ वाटणे, लघवीवर ताबा न राहणे या त्याच्या खुणा आहेत. इथे एमआरआय लवकर करणे आणि मणक्याच्या सर्जनचा सल्ला घेणे गरजेचे असते. उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

कान की मान?

उदाहरण म्हणून डोंबिवलीतल्या पंचावन्न वर्षांच्या एका गृहिणीचा विचार करू. वरच्या दांडीवर कपडे वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, पंखा पुसताना तिला जोरात गरगरते. मान वर केली की चक्कर येते, म्हणून दोष मानेचा, असे घरातले सगळे म्हणतात. एक्स-रेमध्येही झीज दिसते.

पण मान वर करताना मानेबरोबर डोकेही मागे झुकते. डोके झुकले की आतल्या कानातला द्रवही हलतो. मग कारण कान की मान हे कसे ठरवायचे? त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: "रात्री अंथरुणात कूस बदलताना गरगरते का?" कूस बदलताना डोके आणि धड बहुधा एकत्र वळतात, मानेला फारसा पीळ बसत नाही. तरीही गरगरत असेल, तर दोष कानाचा असण्याची शक्यता मोठी आहे.

या आजाराचे नाव बीपीपीव्ही. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे एका ठरावीक जागी चिकटलेले असतात. वय, डोक्याला मार किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे अशा कारणांनी ते सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग डोक्याची स्थिती बदलली की खडे सरकतात आणि मेंदूला वाटते आपण फिरतो आहोत. गरगरणे साधारण एका मिनिटाच्या आत थांबते, पण मळमळ आणि धास्ती बराच वेळ राहते. वारंवार गरगरून येण्याच्या कारणांत हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे.

निदानासाठी यंत्र लागत नाही. १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी वर्णन केलेली तपासणी आजही वापरतात. रुग्णाला पलंगावर बसवून डोके ४५ अंश वळवायचे, चटकन आडवे करायचे आणि डोळ्यांच्या बुबुळांची हालचाल पाहायची. निदान झाल्यावर एपली यांच्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने वळवून खडे नलिकेतून बाहेर काढतात. या अमेरिकन कानतज्ज्ञाने १९९२ मध्ये ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. पाच-दहा मिनिटांचे काम असते आणि बहुतेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो.

अडचण अशी, की ज्यांच्यावर 'मणक्याचा रुग्ण' असा शिक्का बसलेला असतो, त्यांची ही तपासणीच मानेच्या भीतीने होत नाही. मान खरोखर खूप आखडलेली असेल, तर मान मागे न टाकता कुशीवर झोपवूनही तपासणी आणि उपचार करता येतात. तसे डॉक्टरांना जरूर विचारा.

चक्करेची इतर कारणे

- रक्तदाब उतरणे: झोपून किंवा बसून उठल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी घसरला, तर अंधारी येते. रक्तदाबाची, प्रोस्टेटची आणि झोपेची औषधे याला कारण ठरू शकतात.
- व्हेस्टिब्युलर मायग्रेन: चक्कर पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते. प्रकाश किंवा आवाज सहन होत नाही. पूर्वी अर्धशिशीचा त्रास असतो. डोके दुखलेच पाहिजे असे नाही. अर्धशिशीत मानही दुखते, त्यामुळे इथेही मानेवर संशय जातो.
- मेनियर्सचा आजार: २० मिनिटे ते काही तास गरगरणे, सोबत एका कानाने कमी ऐकू येणे, कानात आवाज आणि दडा बसल्यासारखे वाटणे.
- तोलाच्या नसेचा दाह: अचानक सुरू होऊन दिवस-दोन दिवस सतत गरगरणे आणि उलट्या.
- पंडुरोग, साखर कमी होणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता.
- सतत काळजी: एकदा गर्दीत चक्कर आली की पुन्हा येईल या धास्तीनेही डोके तरंगल्यासारखे वाटत राहते. हा त्रास खरा असतो, आणि त्यावर उपचार आहेत.

लोकलचा प्रवास आणि चक्कर

कल्याण ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकलनेही तासाभराचा प्रवास, तोही अनेकदा उभ्याने. यात चक्करेची तीन वेगवेगळी कारणे एकत्र येतात.

पहिले म्हणजे उपास. सकाळची गाडी चुकू नये म्हणून कित्येक जण, विशेषतः बायका, काही न खाता निघतात. वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणीही पीत नाहीत. गर्दी, घाम, उभे राहणे आणि रिकामे पोट यांमुळे रक्तदाब घसरतो आणि अंधारी येते. ही मानेची चक्कर नव्हे. थोडे खाऊन आणि पाणी पिऊन निघणे, उभे असताना पोटऱ्यांचे स्नायू आवळत राहणे, आणि अंधारी येतेय असे वाटताच लाज न बाळगता खाली बसणे हे उपाय आहेत. दारात उभे असाल तर तिथून आत या. असा त्रास असलेल्यांनी दारात उभे राहूच नये.

दुसरे म्हणजे मान. तासभर मान खाली घालून मोबाइल पाहणे, एका खांद्यावर जड पिशवी, कार्यालयात पुन्हा संगणक, घरी आल्यावर ओट्यापाशी काम. यामुळे मान आखडते आणि दुखते. मोबाइल डोळ्यांच्या पातळीला धरा, पिशवी दोन्ही खांद्यांवर घ्या, दर अर्ध्या तासाने मान आणि खांदे हलवा.

तिसरे म्हणजे डोळे. शेजारच्या रुळावरची गाडी सुटली की आपलीच गाडी चालू झाल्यासारखे वाटते, हा अनुभव सगळ्यांना आहे. ज्यांची कानाची यंत्रणा कमजोर आहे, त्यांना समोरून वेगाने जाणारी गाडी किंवा पुलावरची गर्दी पाहून तोल जातो. फलाटाच्या कडेपासून लांब उभे राहा, जिना उतरताना कठडा धरा.

तपासण्या कोणत्या आणि कधी?

सर्वांत आधी नीट विचारपूस, झोपून आणि उभे राहून रक्तदाब, बुबुळांची हालचाल, चालण्याची आणि तोलाची तपासणी, आणि डिक्स-हॉलपाइक. गरजेनुसार हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी, श्रवणचाचणी. मानेचा एमआरआय हात-पाय कमजोर होणे, मुंग्या किंवा मज्जारज्जूवरील दाबाच्या खुणा असतील तेव्हा करतात. केवळ चक्कर आहे म्हणून मानेचा एमआरआय काढला, तर त्यात वयोमानाचे बदल दिसतात आणि घाबरायला एक नवीन कारण मिळते.

मानेमुळे होणाऱ्या चक्करेवर पक्की मोहोर उमटवणारी एकही चाचणी आज उपलब्ध नाही. बाकीची कारणे तपासून बाजूला सारल्यावरच हे निदान करायचे असते. फिरत्या खुर्चीवर बसवून, डोके स्थिर धरून फक्त धड वळवले आणि त्रास झाला, तर मानेबद्दलचा संशय बळावतो.

उपचार

चक्कर मानेचीच आहे असे ठरले तर मुख्य उपचार फिजिओथेरपी हाच. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने हाताने सांधे हळुवार सैल करणे, मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम, आणि नजर स्थिर ठेवून डोके हलवण्याचा सराव, हे सगळे काही आठवडे नियमित करावे लागते. शेक आणि थोड्या दिवसांपुरती वेदनाशामके यांची मदत होते. उशी अशी असावी की कुशीवर झोपल्यावर मान सरळ रेषेत राहील.

चक्करेच्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारख्या गोळ्या जोराच्या चक्करेत दोन-तीन दिवसांसाठी ठीक. त्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूची तोल सावरण्याची स्वतःची क्षमता मंदावते. ज्येष्ठांमध्ये हात थरथरणे, चाल मंद होणे अशी पार्किन्सनसारखी लक्षणेही येऊ शकतात. बीपीपीव्हीचे खडे तर कोणत्याही गोळीने जागेवर जात नाहीत. जुन्या चिठ्ठीवर औषध दुकानातून परत परत गोळ्या आणू नका. बऱ्याच काळापासून घेत असाल, तर डॉक्टरांना दाखवून त्या कशा बंद करायच्या ते विचारा.

हे करू नका

- मानेचा पट्टा महिनोन्महिने वापरू नका. स्नायू दुबळे होतात आणि मान अधिक आखडते.
- सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. मानेला दिलेल्या झटक्याने धमनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात होऊ शकतो. पार्लरमध्ये केस धुताना मान बराच वेळ मागे टाकल्यामुळे झालेल्या पक्षाघातांची नोंद १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहे. हे क्वचित घडते, पण टाळता येते.
- निदान न करता चित्रफीत पाहून एपलीची कृती करू नका. बाजू चुकली तर उपयोग होत नाही.
- चक्करेच्या भीतीने हालचाल पूर्ण बंद करू नका. चालल्या-फिरल्यानेच मेंदू तोल पुन्हा शिकतो.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

चक्करेसोबत खालीलपैकी एकही लक्षण असेल तर "मणक्याचे असेल, सकाळी बघू" असे म्हणून थांबू नका:

- बोलणे अडखळणे, गिळता न येणे, चेहरा वाकडा होणे
- दुहेरी दिसणे
- एका बाजूचे हात-पाय लुळे किंवा बधिर होणे
- आधाराशिवाय उभेच राहता न येणे
- अचानक, पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी
- छातीत दुखणे, धडधड, बेशुद्धी
- अचानक एका कानाने ऐकू न येणे

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मेंदूच्या मागच्या भागातील पक्षाघातात सुरुवातीचा सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे स्कॅन चांगला असला तरी लक्षणे कायम असतील तर डॉक्टरांना पुन्हा सांगा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. घरापासून जवळ, रात्रीही सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचे उपचार होणारे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवा. ऐन वेळी वाहतूक कोंडीत एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाण्यात मोलाचा वेळ जातो.

डॉक्टरांकडे जाताना

एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: गरगरते की अंधारी येते, किती वेळ टिकते, कूस बदलताना येते का, कानाची किंवा मानेची तक्रार सोबत आहे का, आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत. मानेचा एक्स-रे अवश्य न्या, पण "माझी डिक्स-हॉलपाइक तपासणी झाली आहे का?" हेही विचारा. सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. गरज पडल्यास ते कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवतील.

मणक्याची झीज वयाबरोबर होणारच आहे, ती पूर्ववत होणार नाही. पण चक्कर तिच्यामुळेच आहे असे धरून बसलात, तर बरी होणारी चक्करही वर्षानुवर्षे सोबत राहते.

ही माहिती आरोग्यशिक्षणासाठी आहे. प्रत्यक्ष निदान आणि उपचार आपल्या डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावेत.